साठ नॅनोसेकंद आधी पोचलेले न्यूट्रिनो

२३ सप्टेंबर २०११, शुक्रवार. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या सभागृहात भौतिकशास्त्रज्ञ दारिओ ऑतिएरो यांनी ऑपेरा प्रयोगाचा आकडा मांडला: ६०.७ नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). सर्नहून निघालेले न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही जवळपास न अडता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, ७३० किलोमीटरवर, इटलीतल्या ग्रान सासो डोंगराच्या पोटात पोचत होते आणि प्रकाशाला जेवढा वेळ लागला असता त्याहून एवढा कमी वेळ घेत होते. प्रकाशाहून वेगवान काही असू शकत नाही असं सांगणारा आइन्स्टाइन चुकला का, अशा धाटणीच्या मथळ्यांनी त्या आठवड्यात जगभरची वर्तमानपत्रं भरली. मूळ निबंधाची भाषा मात्र फार सावध होती. आम्ही या आकड्याचा कुठलाही सैद्धांतिक अर्थ लावत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. चूक सापडेना, तुम्हीही शोधा, असा एकूण सूर होता.

प्रकरणाचा शेवट बहुतेकांना एका वाक्यात ठाऊक असतो: केबल सैल होती. वाक्य खोटं नाही, पण त्यातून फारसं काही कळत नाही. सैल केबल कुठेही निघू शकते. तीन वर्षांच्या नोंदी, सहा सिग्माची (म्हणजे अनिश्चिततेच्या सहा पट फरकाची) खात्री आणि मुद्दाम पुन्हा केलेला प्रयोग, एवढं सगळं असूनही ती का सापडली नाही, हे बघण्यासारखं आहे. शिवाय चुका दोन होत्या आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेला ओढत होत्या. हे सहसा कुणी सांगत नाही.

मोजायचं काय होतं

ऑपेरा वेग मोजायला बांधलेला नव्हताच. म्युऑन जातीचे न्यूट्रिनो वाटेत जात बदलून टाऊ न्यूट्रिनो होतात का, हे पकडणं हे त्याचं काम. त्यासाठी सुमारे दीड लाख 'विटा' रचलेल्या. एकेक वीट ८.३ किलोची, आत एक मिलिमीटर जाडीचे शिशाचे ५६ पत्रे आणि त्यांच्यामध्ये फोटोग्राफीच्या इमल्शनच्या ५७ फिल्म. न्यूट्रिनो शिशाला धडकला की निघालेल्या कणांच्या रेघा फिल्मवर उमटतात. हे सगळं डोंगराखाली, डोक्यावर १४०० मीटर खडक घेऊन, कारण जमिनीवर अवकाशातून येणाऱ्या कणांचा एवढा पाऊस असतो की न्यूट्रिनोची एखादी धडक त्यात हरवूनच जावी. (याच कारणासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) शास्त्रज्ञ कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरले होते. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो १९६५ साली तिथे नोंदले गेले.)

न्यूट्रिनो पाठवण्याची व्यवस्था सर्नकडे. तिथल्या एसपीएस त्वरकातून, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातून, ४०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन काढायचे आणि ग्रॅफाइटवर आदळवायचे. त्यातून पायॉन आणि केऑन हे अल्पायुषी कण निघतात. चुंबकांनी त्यांची दिशा ग्रान सासोकडे वळवायची आणि एक किलोमीटर लांबीच्या पोकळ नळीतून त्यांना जाऊ द्यायचं. वाटेत ते विघटित होतात आणि न्यूट्रिनो तयार होतात. पुढे खडकच खडक, पण न्यूट्रिनोला खडक म्हणजे काहीच नाही. सरळ रेषेत ७३० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते नागपूर हवाई अंतराहून थोडं जास्त. पृथ्वी गोल असल्यामुळे ही रेषा मध्यावर जमिनीखाली दहा-अकरा किलोमीटरपर्यंत उतरते. इथे बोगदा वगैरे काही नाही. निकाल जाहीर झाल्यावर इटलीच्या शिक्षणमंत्र्यांच्या कार्यालयाने सर्न ते ग्रान सासो 'बोगद्याच्या बांधकामात' इटलीने साडेचार कोट युरो घातल्याचं अभिनंदनपत्रक काढलं, तेव्हा इटालियन लोकांची काही दिवस चांगलीच करमणूक झाली.

वेग काढायला तीन गोष्टी लागतात: निघाले कधी, पोचले कधी, मधलं अंतर किती. प्रकाशाला हे अंतर कापायला साधारण २.४४ मिलिसेकंद लागतात. त्यात ६० नॅनोसेकंदांचा फरक म्हणजे चाळीस हजारांत एक. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे शर्यतीच्या शेवटी न्यूट्रिनो प्रकाशाच्या १८ मीटर पुढे. हा १८ मीटरचा हिशेब शेवटपर्यंत लक्षात ठेवावा. कुठली शंका गंभीर आणि कुठली किरकोळ, हे त्यावरूनच ठरतं.

अंतर

अंतराबद्दल लोकांनी सर्वांत आधी शंका घेतली, आणि तिथेच सगळ्यात कमी सापडण्यासारखं होतं. जीपीएस डोंगराखाली चालत नाही. म्हणून ग्रान सासोच्या महामार्ग-बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी जीपीएसने जागा निश्चित केली आणि तिथून आत प्रयोगशाळेपर्यंत भूमापकांच्या पद्धतीने टप्प्याटप्प्याने मोजत नेलं. त्यासाठी बोगद्यातली वाहतुकीची एक मार्गिका बंद ठेवावी लागली. एकूण अंतरातली अनिश्चितता २० सेंटिमीटर, म्हणजे एका नॅनोसेकंदाहून कमी. मोजणी किती बारीक होती याचा पुरावा त्यांच्याच आलेखात आहे: ६ एप्रिल २००९ च्या लाक्विला भूकंपाने प्रयोगशाळा ७ सेंटिमीटर सरकली, ती उडी स्वच्छ दिसते. १८ मीटरची चूक इथे लपणं शक्य नव्हतं.

निघाले कधी

खरी पंचाईत इथे होती. प्रोटॉन एकेकटे निघत नाहीत. एका खेपेत त्यांचा १०.५ मायक्रोसेकंदांचा लोंढा सुटतो. प्रकाशाच्या वेगाने जाणारा हा लोंढा तीन किलोमीटरहून लांब असतो, आणि आपल्याला शोधायचा आहे १८ मीटरचा फरक. पकडलेला न्यूट्रिनो लोंढ्याच्या पुढच्या टोकाच्या प्रोटॉनपासून आला की शेपटाच्या, हे कळायची सोय नाही.

तीन किलोमीटर लांबीची दिंडी आळंदीहून निघाली, पण पंढरपुरात तिच्यातले मोजकेच वारकरी मोजता आले, असं समजा. कोण कितव्या रांगेत होता ते माहीत नाही. पण अशा हजारो दिंड्यांमधले वारकरी मोजले, तर पोचणाऱ्यांच्या वेळांचा आलेख दिंडीच्या आकारासारखाच दिसायला लागतो: सुरुवातीला चढ, मध्ये पठार, शेवटी उतार. निघतानाचा आकार आणि पोचतानाचा आकार एकमेकांवर ठेवायचे आणि एक सरकवत सरकवत जुळवायचा. जितकं सरकवावं लागलं तितका प्रवासाचा वेळ. ऑपेराने हेच केलं. निघणाऱ्या प्रोटॉनचा आकार विद्युतप्रवाह मोजणाऱ्या यंत्राने खेपागणिक नोंदलेला होता. २००९ ते २०११ या काळात सुमारे १०^२० प्रोटॉन खर्ची पडले आणि हाती १६,१११ न्यूट्रिनो लागले. या जुळवाजुळवीत पठाराचा भाग फारसं काही सांगत नाही, सगळी माहिती दोन्ही टोकांच्या चढ-उतारात असते. म्हणून टीकाकारांचं लक्षही तिथेच गेलं: लोंढ्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या प्रोटॉनपासून न्यूट्रिनो सारख्याच प्रमाणात निघतात कशावरून? निघताना आकार थोडा जरी बदलला तरी सगळी जुळणी सरकणार.

शंका रास्त होती, पण नंतर ती पूर्ण चुकीची ठरली.

पोचले कधी

दोन ठिकाणची घड्याळं एकमेकांशी जुळवायला दोन्हीकडे सारखेच जीपीएस ग्राही (रिसीव्हर) आणि सीझियमची अणुघड्याळं बसवली. दोन्ही ठिकाणांहून एकाच वेळी तेच उपग्रह पाहायचे, म्हणजे उपग्रहांच्या घड्याळातल्या चुका वजाबाकीत उडून जातात. स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या राष्ट्रीय मापन संस्थांनी ही जोडणी तपासून दिली. दोन टोकांमधला फरक २.३ नॅनोसेकंद, अनिश्चितता ०.९. याहून चांगलं काम मागता येणार नाही.

पण ही अचूक वेळ डोंगराबाहेरच्या इमारतीत होती, आणि न्यूट्रिनो डोंगराच्या आत. बाहेरून आत वेळ न्यायला ८.३ किलोमीटर लांबीचं ऑप्टिकल फायबर. काचेत प्रकाश हवेतल्यापेक्षा साधारण दोन-तृतीयांश वेगाने जातो, म्हणून इशारा आत पोचेपर्यंत वेळ शिळी झालेली असते. किती शिळी, ते २००६ मध्ये मोजून ठेवलं होतं: ४०,९९६ नॅनोसेकंद, एका नॅनोसेकंदाच्या अचूकतेने. पुढे ऑपेराच्या मास्टर घड्याळाच्या कार्डावर आणखी सुमारे ४,२६३ नॅनोसेकंद. मग शोधयंत्राच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आणखी थोडे. सर्नच्या बाजूलाही अशीच साखळी, तिचे दोन मोठे आकडे १०,०८५ आणि ५८० नॅनोसेकंद.

म्हणजे ६० नॅनोसेकंदांचा निकाल ज्या बेरीज-वजाबाकीतून यायचा होता, तिच्यातला एकटा फायबरचा आकडा निकालाच्या जवळपास सातशे पट होता. अशा हिशेबात मोठा आकडा ०.२ टक्क्यांनीसुद्धा हलला तर निकाल गेला.

विश्लेषण 'आंधळ्या' पद्धतीने केलं, हे त्यांच्या बाजूने मान्य करायलाच हवं. आधी जुने, कामचलाऊ विलंब घालून जुळणी पूर्ण केली, म्हणजे उत्तर काय येतंय हे कुणालाच कळू नये. उत्तर आलं १,०४८.५ नॅनोसेकंद, म्हणजे अर्थहीन. मग सगळ्या अद्ययावत दुरुस्त्यांची बेरीज, ९८७.८, त्यातून वजा केली. उरले ६०.७. सांख्यिकी अनिश्चितता ६.९, यंत्रणेची ७.४. दोन्ही मिळून निकाल शून्यापासून सहा सिग्मा दूर. कणभौतिकीत पाच सिग्माला शोध म्हणतात.

सहा सिग्मा आणि पासंग

सिग्मा नेमकं काय सांगतो, यावरून बातम्यांमध्ये फार गोंधळ झाला. योगायोगाने इकडेतिकडे होणारी चूक नोंदी वाढवल्या की कमी होते. तराजूलाच पासंग असेल तर मात्र शंभरदा वजन केलं तरी शंभरदा तेच चुकीचं वजन येतं, आणि दर वेळी तेच येतं म्हणून उलट खात्री वाढते. यंत्रणेच्या अनिश्चिततेत, म्हणजे त्या ७.४ मध्ये, माहीत असलेल्या पासंगांची बेरीज होती. माहीत नसलेल्या पासंगाला त्या यादीत रकाना नसतो. सहा सिग्माचा खरा अर्थ एवढाच होता: आमची यादी पूर्ण असेल तर.

यादी अपुरी असल्याची चिन्हं बाहेरून येत होती. २३ फेब्रुवारी १९८७ ला दिसलेल्या अतिनवताऱ्याचे (सुपरनोव्हाचे, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचे) न्यूट्रिनो सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरून आले आणि प्रकाशाच्या जेमतेम तीन तास आधी पोचले. तेही स्फोटातून प्रकाशाला बाहेर पडायला उशीर लागतो म्हणून. ऑपेराच्या प्रमाणात ते पळाले असते तर चार वर्षं आधी यायला हवे होते. यावर पळवाट होती: त्यांची ऊर्जा ऑपेराच्या न्यूट्रिनोंच्या हजारो पट कमी होती, वेग ऊर्जेनुसार बदलत असेल तर? ती वाट भौतिकशास्त्रज्ञ अँड्र्यू कोहेन आणि शेल्डन ग्लॅशो यांनी काही दिवसांतच बंद केली. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारा न्यूट्रिनो वाटेत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या टाकत जाईल आणि ऊर्जा गमावेल. ग्रान सासोपर्यंत साधारण १२.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जेचे न्यूट्रिनो उरणारच नाहीत, असा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षात सर्नहून येणाऱ्या न्यूट्रिनोंच्या शलाकेची सरासरी ऊर्जाच १७ होती आणि ते न्यूट्रिनो शाबूत पोचत होते. त्याच डोंगराखालच्या इकारस प्रयोगानेही ऊर्जेची अशी कुठलीही गळती दिसत नसल्याचं लवकरच दाखवून दिलं.

दुसऱ्या बाजूने लोक अमेरिकेतल्या मायनॉस प्रयोगाकडे बोट दाखवत होते. त्यांनाही २००७ मध्ये न्यूट्रिनो १२६ नॅनोसेकंद आधी आलेले दिसले होते. पण त्यांची अनिश्चितता ७० नॅनोसेकंदांच्या आसपास, म्हणजे दोन सिग्माही नाहीत. तो पाठिंबा नव्हता.

पुन्हा केलेला प्रयोग

ऑक्टोबर २०११ च्या अखेरीस सर्नने शलाकेची घडणच बदलली. १०.५ मायक्रोसेकंदांच्या लोंढ्याऐवजी जेमतेम ३ नॅनोसेकंद रुंदीचे झोत, दोन झोतांमध्ये ५२४ नॅनोसेकंदांचं अंतर. आता तीन किलोमीटरची दिंडी नाही, एक मीटरभर लांबीचा घोळका. कुठला न्यूट्रिनो कुठल्या झोतातला याबद्दल शंकाच नको, आकार जुळवायची गरजही नको. दोन आठवड्यांत २० न्यूट्रिनो मिळाले आणि उत्तर आलं ६२.१ नॅनोसेकंद, अनिश्चितता ३.७.

या निकालाने टीकाकारांची सगळ्यात मोठी शंका खोडून काढली आणि काही काळ वातावरण फिरलं. सप्टेंबरच्या निबंधावर सही न करणाऱ्यांपैकी काहींनी नोव्हेंबरच्या सुधारित आवृत्तीवर सही केली. सुधारित आकडा ५७.८.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा टप्पा हाच. प्रयोग खरोखर हुशारीने आखलेला होता. त्याने 'निघाले कधी' हा भाग पूर्ण नवा केला. पण 'पोचले कधी' हा भाग जसाच्या तसा राहिला. तोच जीपीएस, तेच फायबर, तेच कार्ड, तोच ४०,९९६ चा आकडा. माप बदललं, तराजू तोच. बाहेरच्या जगाला हे दोन स्वतंत्र पुरावे वाटले. हिशेबाच्या दृष्टीने तो दीड पुरावा होता, आणि चूक त्या न बदललेल्या अर्ध्यात होती.

कनेक्टर

डिसेंबर २०११ मध्ये गटाने वेळेची साखळी पुन्हा एकेक कडी मोजत तपासली. डोंगराबाहेरून आलेलं ते फायबर मास्टर घड्याळाच्या कार्डात जिथे शिरतं, तिथला कनेक्टर पूर्ण आत बसलेला नव्हता.

तेवढ्याने ७३ नॅनोसेकंद कसे गेले, हे जवळून बघायला हवं, कारण 'सैल केबल' म्हटलं की इशारा येतच नव्हता किंवा मध्येच तुटत होता असं वाटतं. तसं झालं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. इशारा येत होता, प्रत्येक इशारा येत होता, वाचताही येत होता.

फायबरचं टोक ग्राहीच्या तोंडाशी घट्ट टेकलेलं असलं की जवळपास सगळा प्रकाश आत जातो. थोडी फट राहिली की टोकातून निघालेला प्रकाश फाकतो आणि त्यातला थोडाच पोचतो. घरी ब्रॉडबँड जोडायला आलेला माणूस कनेक्टर बसवल्यावर पॉवर मीटर लावून बघतो, तो याचसाठी. इंटरनेटला मात्र वेळेचं असं बंधन नसतं, प्रकाश थोडा कमी पडला तरी निभावून जातं. ऑपेराच्या कार्डावर फायबरसमोर फोटोडायोड होता. त्यावर प्रकाश पडला की विद्युतभार साठत जातो आणि ठराविक पातळी गाठली की मंडल (सर्किट) 'इशारा आला' असं जाहीर करतं. नळाला प्रेशर चांगलं असलं की बादली पटकन भरते, प्रेशर कमी असलं की तीच बादली भरायला वेळ लागतो. बादली भरतेच, फक्त उशिरा. मंद प्रकाशात फोटोडायोडला पातळी गाठायला सुमारे ७३ नॅनोसेकंद जास्त लागत होते.

आता दिशा. इशारा उशिरा ओळखला तर न्यूट्रिनो उशिरा आल्यासारखे दिसायला हवेत, असं पहिल्यांदा वाटतं. उलट आहे. फायबरमधून येणारा हा इशारा न्यूट्रिनोचा नाही, घड्याळ लावण्याचा आहे. तो उशिरा ओळखला म्हणजे आतलं घड्याळ ७३ नॅनोसेकंद मागे लागलं. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे असेल तर वेळेवर आलेला पाहुणाही पाच मिनिटं आधी आल्यासारखा वाटतो. न्यूट्रिनो वेळेवर येत होते.

आणि २००६ चा ४०,९९६ हा आकडा? मोजला तेव्हा तो बरोबरच होता. नंतर कनेक्टर हलला, पण वहीतला आकडा तसाच वापरात राहिला. फायबर म्हणजे काचेची तार, तिची लांबी काही वाढत नाही, मग विलंब कशाला बदलेल, अशी धारणा त्यामागे असावी. विलंब काचेत वाढला नव्हता, काच आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सांध्यावर वाढला होता.

दुसरी चूक

७३ मधून ५८ वजा केले की १५ उरतात. कनेक्टर ही एकच चूक असती तर न्यूट्रिनो ५८ नव्हे, ७३ नॅनोसेकंद आधी आलेले दिसायला हवे होते. उरलेले १५ दुसऱ्या ठिकाणी होते.

बाहेरून वेळ मिळाल्यावर दोन इशाऱ्यांच्या मधला काळ ऑपेराचं स्वतःचं क्वार्ट्झ आंदोलक, म्हणजे ठराविक लयीत ठोके देणारं स्फटिक, मोजायचं. शोधयंत्राची नोंदणी ०.६ सेकंदांच्या फेऱ्यांमध्ये चालायची: फेरी सुरू, मोजणी शून्यावर, ०.६ सेकंदांनी पुन्हा शून्यावर. हे आंदोलक ठरल्यापेक्षा किंचित वेगाने चालत होतं, किती तर एक कोटीत १.२४ इतकं. दिवसाला जेमतेम एक शतांश सेकंद पुढे. मनगटी घड्याळात हा दोष म्हणायलाही जीव धजणार नाही. पण ०.६ सेकंदांच्या फेरीअखेर त्याचे ७४ नॅनोसेकंद होतात. सर्नचे न्यूट्रिनो फेरीच्या सुरुवातीच्या भागात यायचे, म्हणून सरासरी परिणाम १५ नॅनोसेकंदांचा. घड्याळ पळत असल्यामुळे न्यूट्रिनो उशिरा आल्यासारखे दिसत, म्हणजे ही चूक पहिलीच्या उलट.

७३ वजा १५, उरले ५८. जाहीर केलेला आकडा ५७.८.

या दुसऱ्या चुकीचा एक व्यावहारिक पैलू सुटू नये. गटाला आधी फक्त आंदोलकाची चूक सापडली असती तर दुरुस्तीनंतर निकाल आणखी 'भक्कम' झाला असता: ७३ नॅनोसेकंद, सात सिग्माच्या आसपास.

शेजारच्या दालनातला साक्षीदार

कनेक्टर सैल आहे हे डिसेंबर २०११ मध्ये कळलं, पण तो कधीपासून सैल होता? आदल्याच आठवड्यात कुणाचा धक्का लागला असेल तर तीन वर्षांच्या नोंदींना त्याची बाधा नाही. हे ठरवल्याशिवाय सगळा खुलासा अंदाजच राहिला असता.

उत्तर शेजारी पडून होतं. ग्रान सासोखाली तीन प्रचंड दालनं आहेत. ऑपेरा सी दालनात. ए दालनात अतिनवताऱ्यांच्या न्यूट्रिनोंची वाट बघत बसलेलं एलव्हीडी हे यंत्र, ऑपेरापासून सुमारे १६० मीटरवर, स्वतःच्या वेगळ्या घड्याळावर चालणारं. अवकाशातून येणारे म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण) बहुतेक वरून खाली येतात, पण तेरामो गावाच्या बाजूला डोंगर तुलनेने पातळ असल्यामुळे तिकडून काही म्युऑन जवळपास आडवे घुसतात आणि दोन्ही यंत्रं भेदून जातात. एकाच म्युऑनच्या दोन यंत्रांतल्या वेळा वजा केल्या की उत्तर कायम तेवढंच यायला हवं. म्युऑन प्रकाशाच्या वेगाने जातो, अंतर बदलत नाही. बदललं तर दोघांपैकी एकाचं घड्याळ बिघडलेलं.

२००७ ते २०१२ या काळात असे ३०६ म्युऑन सापडले. त्यांच्या फरकाच्या आलेखात एक पायरी दिसते. ऑगस्ट २००८ पासून डिसेंबर २०११ पर्यंत ऑपेराच्या वेळा सुमारे ७३ नॅनोसेकंदांनी सरकलेल्या, अनिश्चितता ९. त्याआधी नाही, नंतर नाही. न्यूट्रिनोच्या वेगासाठी वापरलेल्या सगळ्या नोंदी, २००९ पासूनच्या, बरोबर या पट्ट्यात येतात.

या पुराव्याला ना सर्न लागलं, ना न्यूट्रिनो, ना नवा खर्च. दोन्ही यंत्रांच्या नोंदी संगणकावर होत्या, सप्टेंबर २०११ मध्येही होत्या. फक्त त्या एकमेकींसमोर ठेवण्याचं कारण तोवर कुणाला पडलं नव्हतं.

पुढे काय झालं

२२ फेब्रुवारी २०१२ च्या सुमारास कनेक्टरची बातमी फुटली आणि २३ तारखेला सर्नने दोन्ही शक्यता अधिकृतपणे सांगितल्या, उलट दिशांसकट. मार्चमध्ये इकारसने ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या त्याच बारीक झोतांमधले आपले सात न्यूट्रिनो मोजून दाखवले. त्यांच्याकडे वेळ नेणारं फायबर वेगळं होतं. फरक ०.३ नॅनोसेकंद, म्हणजे व्यवहारात शून्य. तीच शलाका, तेच झोत, तोच डोंगर, फक्त 'पोचले कधी' ची साखळी निराळी. ऑपेराच्या वीस न्यूट्रिनोंना जे जमलं नाही ते इकारसच्या सातांनी केलं.

महिनाअखेरीस ऑपेरा गटात अविश्वासाचं मतदान झालं आणि त्यानंतर प्रवक्ते अंतोनिओ एरेदितातो आणि समन्वयक ऑतिएरो या दोघांनी राजीनामे दिले. जाहीर करण्याची घाई केली, असा गटातल्या अनेकांचा आक्षेप होता. महिनोनमहिने अंतर्गत तपासणी करून, आंधळ्या विश्लेषणानंतर, सावध शब्दांत मांडलेल्या आकड्याला घाई म्हणणं थोडं अन्यायाचं आहे. बातमी आधीच बाहेर झिरपायला लागली होती, गप्प बसण्याचा पर्याय फारसा उरला नव्हता. मात्र पत्रकार परिषदेच्या थाटात सांगण्याआधी साखळीची प्रत्येक कडी हाताने पुन्हा मोजायला हवी होती, हा आक्षेप खोडता येत नाही. जे काम डिसेंबरमध्ये झालं ते ऑगस्टमध्येही होण्यासारखं होतं.

मे २०१२ मध्ये सर्नने पुन्हा बारीक झोत सोडले. या वेळी डोंगराखाली चार यंत्रं एकाच वेळी मोजत होती: ऑपेरा, इकारस, एलव्हीडी आणि बोरेक्सिनो. ८ जूनला जपानमध्ये क्योटोच्या न्यूट्रिनो परिषदेत सर्नचे संशोधन संचालक सर्जिओ बेर्तोलुच्ची यांनी निकाल सांगितले. चारही यंत्रांत न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाने आले होते, फरक काही नॅनोसेकंदांच्या आत आणि अनिश्चिततेत बसणारा. ऑपेराने जुन्या नोंदीही दोन्ही दुरुस्त्या घालून पुन्हा मोजल्या. ५७.८ च्या जागी ६.५ नॅनोसेकंद आले, अनिश्चितता दोन्ही प्रकारची मिळून अकराच्या आसपास. संशोधनपत्रिकेत शेवटी छापून आला तो हा आकडा.

यंत्राचं मूळ काम या काळात चालूच होतं. शिशाच्या विटांमधल्या रेघांना नॅनोसेकंदांशी काही देणंघेणं नसतं. पहिला टाऊ न्यूट्रिनो २०१० मध्येच सापडला होता. सर्नहून येणारी शलाका डिसेंबर २०१२ मध्ये बंद झाली, पण विटा उघडून फिल्म तपासण्याचं काम पुढे काही वर्षं चाललं. पाचवा टाऊ न्यूट्रिनो ऑपेराने जून २०१५ मध्ये जाहीर केला.